पाठ फिरवून दिलेला ठोंब

चहात टाकायचा पाला आमच्या घरी कधी विकत आणला गेला नाही. सोलापुरातलं आमचं घर म्हणजे पुढं-मागं दोन खोल्या आणि मागच्या दाराबाहेर कुंपणभिंतीपर्यंतची अरुंद पट्टी. त्या पट्टीत धुण्याचा दगड, मोरीचं पाणी वाहून नेणारी चर, चुलीसाठी रचून ठेवलेल्या तुराट्या आणि उरलेल्या जागेत आईची चहाची झाडं. चरीच्या तोंडाशी पुदिना, कारण त्याला पाय ओले आणि डोकं सावलीत लागतं. फुटक्या रांजणाच्या बुडात आलं. डालड्याच्या डब्यात पानओवा, तो मुख्यतः खोकल्याच्या दिवसांसाठी. दाराशी दोन तुळशी. आमच्यात तुळशीचं लग्न लागत नसे, त्यामुळं पानं खुडायला वाराचा किंवा तिथीचा अडसर नव्हता. आणि अगदी कोपऱ्यात, जमिनीत, गवती चहाचा ठोंब. शेजारच्या नरसम्माच्या पत्र्याच्या शेडात चादरींचे माग दिवसभर खटाक-खटाक चालायचे. वीज गेली की ते बंद पडायचे आणि त्या अचानक शांततेत मागच्या पट्टीतल्या चिमण्या ऐकू यायच्या.

ही सगळी झाडं वर्षानुवर्षं टिकणारी आहेत, पण आपोआप टिकणारी नाहीत, हे आईनं मला लहानपणीच शिकवलं. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडल्या नाहीत तर ती लाकूड होते. पुदिन्याला फूल दिसायच्या आत कापून घ्यायचं, म्हणजे तो पुन्हा खालून फुटतो. गवती चहाची पात बाहेरच्या बाजूनं, जमिनीपासून वीतभर ठेवून कापायची. गाभ्याला हात लावायचा नाही. वाळकी पात ओढून काढायची. आणि वर्षातून एकदा ठोंब उपटून फोडायचा, नाहीतर मधोमध कुजतो आणि फक्त कडेनं हिरवा राहतो. चहाचा चोथा झाडाला घालायचा, पण आधी धुऊन, नाहीतर साखरेला मुंग्या येतात. आज माझ्या गच्चीतल्या कुंड्यांसाठी मी हेच सगळं महिनावार लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. मुलगा हसतो. आईनं काही लिहून ठेवलं नव्हतं, पण तिचं एकही काम मागं-पुढं झालेलं मला आठवत नाही.

आता आमच्या गल्लीच्या रीतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. झाड मागून आणलं तर लागत नाही, अशी तिथल्या बायकांची पक्की समजूत होती. पुदिन्याची काडी असो, ओव्याचा शेंडा असो की गवती चहाचा फुटवा, तो चोरूनच न्यायचा. अर्थात ही चोरी दोन्हीकडून ठरलेली असे. नरसम्मा भर दुपारी हातात खुरपं घेऊन मागच्या दारी यायची आणि मोठ्यानं म्हणायची, "बाई घरात नाही वाटतं." आई समोर भाकरी थापत बसलेली असायची. ती म्हणायची, "नाही बाई, मी घरात नाही. मला काही दिसत नाही." मग उठून आतल्या खोलीत जायची, भिंतीकडं तोंड करून काहीतरी आवरत बसायची आणि नरसम्मा जाईपर्यंत बाहेर डोकावायची नाही. डोकावणं हा असभ्यपणा होता. नेणारीनंही धन्यवादाचं बोलायचं नसे. फुटवा लागला, की महिन्या-दोन महिन्यांनी नरसम्मा ऐकवायची, "तुमच्या घरातनं कायतरी गेलंय का बघा ओ." आणि दोघी हसायच्या. माझ्या आईनं त्या वर्षांत अशी किती झाडं दिली असतील, पण एकही देताना डोळ्यांनी पाहिलं नाही.

गवती चहाचा ठोंब मात्र मुळात आईचा नव्हता. तो काकूचा. माझ्या धाकट्या काकाचं लग्न मैंदर्गीच्या गिरिजाशी झालं. काका मागावर कामाला, सकाळी सायकलवर भाकरीचा डबा अडकवून जायचा तो दिवेलागणीला यायचा. काकू घरात आली तेव्हा विशीचीही नसेल. तिच्या घरी कानडीच बोलत. मराठी तिला कळायचं, पण बोलताना ती आधी मनात वाक्य जुळवायची आणि तोवर बोलणं पुढं गेलेलं असायचं. त्यामुळं सगळे तिला अबोल समजत. आईला ती अक्का म्हणायची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिची आई गेली. माती देऊन परत येताना भावांनी विचारलं, आईच्या भांड्यातलं काय हवं. तिनं काही घेतलं नाही. अंगणात आईनं लावलेल्या ठोंबाचा निम्मा भाग ओल्या पोत्यात बांधून, एसटीत मांडीवर घेऊन ती सोलापूरला आली. पुढं दुष्काळ पडला, भाऊ घराला कुलूप लावून कामाच्या शोधात बाहेर पडले आणि काकूला जायला माहेर असं उरलं नाही. ठोंब आणला त्याच दिवशी आईनं आपल्या पट्टीतला चांगला कोपरा तिला मोकळा करून दिला होता. एवढं दोघींत होतं. भांडण नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या. काकू हातचं काम चोख करायची, विचारलं तर "व्हय अक्का" म्हणायची, आणि फुटवा न्यायला कुणी आलं की कपडे वाळत घालायचं सोडून आत निघून जायची. आईला वाटायचं, पोरगी रीत लवकर शिकली.

दुष्काळाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी फक्त मागच्या पट्टीपुरतं लिहिते. आधी पुदिना गेला. मग आल्याची पात पिवळी पडली. रांजणातलं आलं आईनं काढून वाळवून सुंठ केली. तुळशी काड्यांसारख्या झाल्या. गल्लीतल्या सगळ्यांचे गवती चहे वाळले, कारण नळाला पाणी कधीतरी येई आणि पिण्याचं पाणी गवताला घालायला कुणी तयार नव्हतं. नरसम्मानं आपला वाळलेला ठोंब चुलीत घातला. आमचा तेवढा तग धरून होता. काकू तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, भांडी पहिल्यांदा विसळलेलं पाणी जपून ठेवायची आणि सांजेला ओंजळीनं ठोंबाच्या बुडाशी सोडायची. वर तिनं तुराटीचा चुरा आणि फाटकं पोतं पसरलं होतं, ओल धरायला. रेशनच्या तांबड्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी आम्ही शेंगाचटणीशी खायचो. त्या घशाखाली ढकलायला चहा लागायचा, आणि साखर नसली तरी गूळ आणि गवती चहाची दोन पाती असली की तो चहासारखा लागायचा. गुळाच्या चहात दूध उकळलं की फाटतं, म्हणून आई पातेलं खाली उतरवून मग दूध घालायची. ते दूध शेळीचं असे.

दूध घालणारी मायाक्का धनगरीण. तिकडं दक्षिणेला चारा संपल्यावर ती माणसं शेळ्या-मेंढ्या घेऊन शहराच्या कडेला, अक्कलकोट रोडच्या माळावर उतरली होती. उंच, रापलेली, आवाज असा की मागाच्या खटाक्यावरूनही ऐकू यावा. दूध मोजताना ती एकीकडं शेळ्यांना आणि एकीकडं सरकारला शिव्या द्यायची. एका दुपारी दूध घालून झाल्यावर तिची नजर कोपऱ्यातल्या ठोंबावर गेली. अख्ख्या गल्लीत तेवढंच हिरवं होतं. काकू तेव्हा टँकरच्या रांगेत होती. मी शाळेतून येऊन आतल्या खोलीत पाटी-दप्तर आवरत होते.

"बाई," मायाक्का म्हणाली, "ह्ये गवात काडू का वाईच? माजी एक शेळी व्यायाला झालीया, पोटात काय न्हाय तिच्या."

आईनं पहिलं वाक्य ऐकलं आणि तिच्या मनानं पुढचं ऐकणं थांबवलं, असं ती नंतर सांगायची. तिला वाटलं, बिचारीला आपली रीत माहीत नाही, उघड मागते आहे, अशानं फुटवा लागायचा नाही. तिनं घाईनं तिचं बोलणं तोडलं. "मला काही विचारू नका बाई. मला काही दिसत नाही. मी घरात नाही." आणि पीठ लागलेल्या हातानंच ती आत आली, माझ्याशेजारी भिंतीकडं तोंड करून बसली.

बाहेर खुरपं चालू लागलं. एका फुटव्याला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ चालत राहिलं. मी म्हटलं, "आई, ती लई उकरतीय."

"गप बस. बघू नकोस."

"पण आई—"

"जमीन कडक झालीय, वेळ लागणारच. माणसाला ओशाळवाणं करू नये."

मग ओढल्याचा, मुळं तुटल्याचा आवाज आला. पीठ पुसणारा आईचा हात फडक्यावर थांबला. तिनं मान अर्धी वळवली आणि पुन्हा भिंतीकडं केली. ती मान मला आजही दिसते. आपल्या अंगणात काय चाललंय हे कळत असूनही, पाहणं वाईट दिसेल म्हणून न पाहणारी.

काकू डोक्यावर घागर घेऊन परत आली तेव्हा कोपऱ्यात नुसता खड्डा होता. पोतं बाजूला नीट घडी घालून ठेवलेलं होतं, मायाक्का तेवढी व्यवस्थित. काकूनं घागर उतरवली. आईनं चाचरत सगळं सांगितलं. काकू शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "तुमी घरातच होता?"

"होते गं, पण—"

"आनि बघितलं न्हाय."

 संध्याकाळचा चहा काकूनं केला, सगळ्यांना दिला, स्वतः घेतला नाही. काकानं दोनदा विचारलं, काय झालं. रात्रीची भाकरी ती चुलीकडं तोंड करून एकटी जेवली. अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "गवतासाठी एवढं काय?" आईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते पानात बघून जेवू लागले. ती म्हणाली, "तिचं माहेर होतं ते. माझ्या दारातनं गेलं." काकू भांडली असती तर आईला बरं वाटलं असतं. पण जी भांडत नाही तिची समजूत कुठून घालायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं चहा न करताच पदर खोचला, मला हाक मारली आणि काकूसमोर जाऊन उभी राहिली. "चल माळावर. मुळं मिळाली तर आणू." काकूनं ओलं फडकं घेतलं. आम्ही तिघी चालत निघालो. आई पुढं, काकू मागं, मध्ये मी. कामाला जाणाऱ्या सायकली घंट्या वाजवत आम्हाला ओलांडत होत्या.

माळावर काट्याच्या कुंपणात शेळ्या कोंडलेल्या होत्या. मायाक्कानं आम्हाला लांबूनच पाहिलं आणि आम्ही तोंड उघडायच्या आत तीच सुरू झाली. "बाई, कसलं गवात दिलंसा ओ? एका शेळीनं त्वांड लावलं न्हाय. लिंबावानी वास मारतंय. हुंगत्यात आनि माज्याकडं बघत्यात, म्हातारीला याड लागलंय म्हनून."

"ते चहात घालायचं असतं," आई म्हणाली. "आणि तुम्ही सगळंच काढलंत."

"मग? तुमी म्हनला, मी घरात न्हाय, मला दिसत न्हाय. मी म्हनलं, ही बाई लई शान्नी. धरम करतीया पर बोलून दावत न्हाय. म्या घरी येऊन चार जनीत नाव काडलं की तुमचं."

आईला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात काकू पुढं झाली आणि कानडीत बोलू लागली. मायाक्कालाही कानडी येत होतं. मी काकूला इतकं सलग बोलताना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. आवाज चढलेला नव्हता, पण थांबतही नव्हता, आणि तिला शब्द जुळवावे लागत नव्हते. अव्वा हा शब्द मला कळला, म्हणजे आई. मायाक्काचा चेहरा हळूहळू उतरला. ती आम्हाला झोपडीत घेऊन गेली. आत रात्री जन्मलेलं करडू होतं, आणि त्याच्याखाली आमच्या ठोंबाची पात अंथरलेली. त्या वासानं माश्या बसत नाहीत म्हणून. मुळाकडचे बुंधे तिनं विळ्यानं तोडून काट्याच्या कुंपणावर फेकले होते. तिनं आणि काकूनं मिळून ते काट्यांतून एकेक सोडवले. बरेचसे उन्हानं करपले होते, काही शेळ्यांनी तुडवलेले. काकू प्रत्येकाचा बुंधा अंगठ्यानं दाबून बघत होती, आत टणक लागतो का. टणक तेवढे तिनं ओल्या फडक्यात घेतले. निघताना मायाक्कानं आईला म्हटलं, "तुमी बोलला असता तर म्या हात लावला नसता, बाई." आई म्हणाली, "खरं आहे."

परतताना काकू आईच्या बरोबरीनं चालत होती. वाटेत तिनं विचारलं, "अक्का, का बघितलं न्हाय?"

"अगं, मागून नेलेलं लागत नाही. चोरून न्यावं लागतं. म्हणून आपण पाठ फिरवायची. तुला ठाऊक आहे की."

काकू रस्त्यातच थांबली. "न्हाय. मला न्हाय ठाऊक."

"म्हणजे? नरसम्मा न्यायची, ती कोपऱ्यावरची न्यायची, तू आत जायचीस—"

"आमच्याकडं मागत्यात," काकू म्हणाली. "आमच्याकडं अव्वा हातानं द्यायची. हितं मी रोज बघत होते. बायका येत्यात, माज्या अव्वाचं झाड उकरून नेत्यात, तुमी आत जाऊन बसता. मला वाटलं, तुमाला झाडच नको हाय. म्हनून लोकांना नेऊ देता. मला बघवत नव्हतं म्हनून मी आत जात होते."

मी आईकडं पाहिलं. ती सायकलींच्या वाटेत उभी होती आणि लोक घंट्या वाजवत होते, तरी तिला बाजूला व्हायचं सुचत नव्हतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आणि इतके दिवस तू माझ्या हातची भाकरी खाल्लीस?"

"भाकरी चांगली असती," काकू म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

घरी आल्यावर दोघींनी काम वाटून घेतलं. आईनं बुंध्यांवर उरलेली पात चार बोटं ठेवून छाटली, कारण मुळं अपुरी असताना पानांचा भार झाडाला सोसत नाही. काकूनं काळी पडलेली मुळं नखानं काढली. बुंधे ओल्या पोत्यात गुंडाळून रांजणाच्या सावलीत ठेवले, आणि थोडी पांढरी मुळं दिसल्यावर चरीलगत लावले. ज्यांना गच्चीत किंवा खिडकीत गवती चहा लावायचाय त्यांना मी आजही हेच सांगते. आधी मुळं धरू द्या, मग ऊन दाखवा. आई आपलं तोंडसुद्धा तिथं जाऊन धुवायची, अप्पांनाही तिथंच चूळ भरायला लावायची. तरी एकेक बुंधा वाळत गेला. काकू सकाळी जाऊन बघायची, वाळलेला उपटून बाजूला ठेवायची आणि आईला सांगायची, "अजून एक गेलं, अक्का." ती सांगू लागली होती, हे आईला पुरेसं होतं की नव्हतं मला माहीत नाही, पण प्रत्येक वेळी ती हातातलं टाकून बघायला जायची. अखेर एकच राहिला. त्याच्या गाभ्यातून एका सकाळी गुंडाळलेली, सुईसारखी हिरवी पात वर आलेली दिसली. आईनं मला हात लावू दिला नाही. काकूनं लावू दिला.

ठोंब पुन्हा ऐसपैस व्हायला पुढचा एक चांगला पावसाळा जावा लागला. तोवर मागच्या गल्लीत नवं बिऱ्हाड आलं होतं. त्या घरातली सून एका दुपारी खुरपं घेऊन आमच्या मागच्या दारी आली. तिला कुणीतरी गल्लीची रीत सांगितलेली दिसली, कारण ती भिंतीकडं बघून म्हणाली, "घरात कुणी नाही वाटतं." आई तांदूळ निवडत होती. सवयीनं ती सूप घेऊन उठली आणि आत आली. काकू धुण्याच्या दगडावर बसली होती, ती उठली नाही. ती त्या बाईकडं सरळ बघत राहिली.

बाई अवघडली. "मी नंतर येते."

"का? काय पाहिजे?"

"गवती चहा. पण तुम्ही बघत असलात तर लागत नाही म्हणतात."

"लागतो," काकू म्हणाली. "आना खुरपं इकडं."

तिनं कडेचा एक फुटवा निवडला, चहूबाजूंनी माती सैल केली आणि मुळं तुटणार नाहीत असा बाहेर काढला. आई आत भिंतीकडं तोंड करून सूप पाखडत होती, पण सुपात काही पाखडण्यासारखं उरलं नव्हतं.

"गिरिजा," तिनं आतून विचारलं, "मी बाहेर येऊ का?"

"या की अक्का."

आई दारात आली. काकूनं पात छाटून फुटवा त्या बाईच्या हातात ठेवला, आणि आपल्या दारातलं झाड दुसऱ्याच्या हाती जाताना आईनं पहिल्यांदाच पाहिलं. बाई वळून निघाली तशी आईनं तिला थांबवलं.

"मुळांना ओलं फडकं गुंडाळून न्या," ती म्हणाली. "थांबा, मी देते."